सैरंध्रीची अट

पंधरा दिवसांपूर्वी म्हैसूरहून आमच्या कचेरीत एक पत्र आले. अक्षर वळणदार होते. परंतु दुसऱ्या पानापासून ओळी खाली उतरत गेलेल्या आणि अक्षरे थरथरलेली दिसत होती. पत्राच्या अखेरीस त्याचा खुलासा मिळाला. लिहिणाऱ्या भगिनीच्या उजव्या हाताची बोटे संध्याकाळनंतर बधिर होतात. त्यामुळे हे चार पानी पत्र त्यांनी तीन दिवसांत, तीन बैठकींत लिहून पुरे केले होते. आपले नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे आणि ती आम्ही पाळत आहोत.

या भगिनींचे माहेर बेळगाव जिल्ह्यातले. विवाहानंतर त्या म्हैसूरला आल्या. घराच्या पुढील दोन खोल्यांत त्यांचे ब्यूटी पार्लर आहे आणि हाताखाली एक मदतनीस मुलगी आहे. भुवया कोरणे, वॅक्सिंग, फेशियल, केस रंगविणे, मेंदी काढणे, वधूचा शृंगार करणे आणि तिला साडी नेसविणे अशी सर्व कामे त्या करतात. पतीच्या पगारात घर चालते. परंतु मुलीचे शिक्षण आणि घराचा हप्ता या पार्लरवर अवलंबून आहे. तेव्हा हा व्यवसाय हौसेचा नव्हे, पोटाचा आहे.

पाटीवर वेळ लिहिली आहे, सकाळी दहा ते सायंकाळी सात. प्रत्यक्षात मुहूर्त पहाटेचा असेल तर त्यांचा दिवस तीन वाजता सुरू होतो, आणि रात्री दहा वाजता जेवणाच्या ताटावर असताना कोणीतरी दारावरची घंटी वाजवून “अक्का, दोनच मिनिटांचे काम आहे,” असे म्हणते. सारी गल्ली त्यांना अक्का म्हणते. एकदा अक्का म्हटले की पैसे मागणे जड जाते. वहीत उधारी साठत राहते. नात्यातील लग्न असले की वधूचा शृंगार आहेरात धरला जातो आणि वधूबरोबर आणखी आठ जणींच्या वेण्या घालाव्या लागतात. गिऱ्हाइके खुर्चीवर बसली की घरातील दुःखे सांगतात. ती ऐकून घ्यावी लागतात, आणि रात्री अंथरुणावर तीच डोक्यात घोळत राहतात.

गेल्या लग्नसराईत एका दिवशी असे झाले की पहाटे तीनपासून उभ्या असलेल्या या बाईंनी रात्री नऊ वाजता एका मुलीच्या भुवया कोरावयास घेतल्या. हात चुकला आणि भुवईच्या वरची कातडी सोलली गेली. जखम लहान होती. मुलगी काही बोलली नाही, परंतु तिची आई बोलली. त्या रात्री या भगिनींना झोप लागली नाही. त्यांचा प्रश्न एका ओळीचा आहे : गिऱ्हाईक न तुटता, आणि गर्व चढला असे कोणी न म्हणता, नाही कसे म्हणावे?

हा प्रश्न एका म्हैसूरकर बाईंचा असला तरी तो तेवढ्यापुरता राहत नाही. म्हैसूर ही शृंगाराच्या वस्तूंची नगरी आहे. चंदनाचे तेल, म्हैसूर मल्लिगे नावाचे फूल आणि १९१२ साली सुरू झालेल्या कारखान्याचे रेशीम यांनी तिचे नाव देशभर नेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या नावाचा रस्ता तिच्या मध्यातून जातो आणि त्याच रस्त्यावर देवराज मार्केटात फुलांच्या राशी लागतात. दसरा आला की साऱ्या शहरालाच नटावयाचे असते. अशा शहरात नटणाऱ्यांकडे सर्वांचे लक्ष असते. नटविणाऱ्या हातांकडे क्वचितच कोणाचे जाते. आणि असे हात आज सोलापुरात, इंदुरात, मडगावात, हैदराबादेत, आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत आहेत.

या मासिकाच्या मराठी आवृत्तीत आमचे निम्मे काम भाषांतराचे असते. त्यामुळे या विषयावर लिहावयास बसलो, तेव्हा प्रथम शब्दापाशीच अडलो. इंग्रजीत अशा वेळी ‘बाउंडरी’ म्हणतात. मराठीत त्याला ‘मर्यादा’ म्हणावे तर त्या शब्दाचा आपल्या घरांतील इतिहास आडवा येतो. स्त्रीने मर्यादेने वागावे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ती मर्यादा दुसऱ्याने तिच्याभोवती आखलेली असे. या भगिनींना हवी आहे ती रेघ त्यांनी स्वतः, आपल्या कामाभोवती आखावयाची आहे. ‘सीमा’ म्हणावे तर देशाची आठवते, ‘शीव’ म्हणावे तर गावाची. शेवटी एक साधा, व्यवहारातला शब्द सापडला : ‘अट’. काम हाती घेण्यापूर्वी सांगितलेली अट. आणि हा शब्द सापडताच महाभारतातील विराटपर्व आठवले.

अज्ञातवासाच्या वर्षी द्रौपदी विराट राजाच्या राणीकडे, सुदेष्णेकडे, सैरंध्री म्हणून राहिली. सैरंध्री म्हणजे आजच्या भाषेत सौंदर्यसेविकाच. केस विंचरून बांधणे, उटणी व गंध तयार करणे, फुलांच्या माळा गुंफणे ही कला आपल्याला येते, असे तिने राणीला सांगितले. ती निराधार होती, आश्रयाची तिला नितांत गरज होती. तरीही काम पत्करताना तिने आपल्या अटी सांगितल्या : मला कोणाचे उष्टे अन्न देऊ नये आणि मला कोणाचे पाय धुवावयास लावू नये. शिवाय, माझ्यावर वाईट नजर टाकील त्याला माझे गंधर्व पती शासन करतील, हेही तिने आधीच बजावले. राणीने हे सारे मान्य केले आणि मगच ती कामाला लागली.

पुढची कथा आपण जाणताच. भावाच्या हट्टापुढे नमून राणीनेच तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने कीचकाच्या घरी धाडले. दुसऱ्या कोणाला पाठवा, असे सैरंध्रीने विनविले. राणीने ऐकले नाही. त्यातून जो अनर्थ ओढवला त्यात कीचकाचा प्राण गेला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकामुळे महाराष्ट्राच्या मनात भीमाचा पराक्रम ठसला आहे. परंतु आपल्या आजच्या विषयासाठी त्या कथेतील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. काम करणाऱ्या स्त्रीने आपल्या अटी पहिल्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत, धन्याच्या तोंडावर सांगितल्या, ही एक. आणि त्या अटी पाळण्याची जबाबदारी जिच्यावर होती तिनेच त्या मोडल्या, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीकडे आपण शेवटी येऊ, कारण ती आपणा सर्वांना लागू आहे.

दुसऱ्याने आखलेली रेघ आणि स्वतः आखलेली रेघ यांत केवढे अंतर असते, याचे एक उदाहरण याच व्यवसायातील आहे. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत कित्येक दशके असा दंडक होता की केशभूषा स्त्रियांनी करावी आणि रंगभूषा, म्हणजे मेकअप, फक्त पुरुषांनी करावा. कारागिरांची संघटना रंगभूषाकार म्हणून स्त्रियांना सभासदत्वच देत नसे. चारू खुराना आणि त्यांच्या सहकारी भगिनी या दंडकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने तो राज्यघटनेशी विसंगत ठरविला. स्त्रीने कोणते काम करू नये हे इतरांनी ठरविले, तर तो तिच्या हक्कांवर घाला होतो. आपण कोणते काम, किती वेळ, कोणत्या मोबदल्यात करू हे तिने ठरविले, तर तो तिचा हक्क होय. ही दुसरी रेघ कोठे आणि कशी आखावी, ते आता क्रमाने पाहू.

प्रथम वेळ. कर्नाटकाचा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा १९६१ सालचा आहे. नोकरीतील माणसाला दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास यांहून अधिक काम साधारणपणे लावू नये, मध्ये विश्रांती द्यावी आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी द्यावी, असे तत्त्व त्याने घालून दिले. या भगिनींच्या मदतनीस मुलीला असे संरक्षण देण्याचे कर्तव्य त्यांच्यावर आहेच. पण गंमत अशी की ज्या बाई स्वतःच मालकीण आणि स्वतःच कामगार, त्यांना थांबविणारा कोणताही निरीक्षक नाही. त्यांचा कायदा त्यांनाच लिहावा लागतो. आमचे सांगणे एवढेच की जो नियम आपण मदतनीस मुलीसाठी न्याय्य मानतो, तो स्वतःलाही लावावा. पहाटे तीनला काम सुरू झाले, तर त्या दिवशी दुपारी बारा वाजता नऊ तास भरले, हे साधे गणित आहे. लग्नाच्या दिवशी दुपारनंतरच्या वेळा आधीच कोणाला देऊ नयेत.

आठवड्याच्या सुटीविषयी तर मराठी वाचकाला अधिक सांगण्याची गरज पडू नये. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या चळवळीमुळे. त्याआधी सात दिवस काम करणे हीच रीत होती आणि सुटी मागणाऱ्यास आळशी समजले जाई. आपल्या नाभिक बंधूंकडूनही शिकण्यासारखे आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी सोमवारी आणि कर्नाटकात पुष्कळ ठिकाणी मंगळवारी केशकर्तनालये बंद असतात. गावातील सर्व दुकाने एकाच दिवशी बंद असल्याने कोणाचे गिऱ्हाईक तुटत नाही, आणि त्या दिवशी दाढीसाठी कोणी दार ठोठावीतही नाही. स्त्रियांची पार्लरे अलीकडची आणि घराघरांत विखुरलेली; त्यामुळे ही सामाईक सुटी त्यांच्यात रुजलेली नाही. गल्लीतील तीन-चार पार्लरवाल्या भगिनींनी एकत्र बसून एकच वार ठरविला, तर एकटीने सुटी घेण्याची भीती उरणार नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. आपल्याकडे मंगल कार्यालय ठरविताना, आचाऱ्याला सांगताना, वाजंत्र्यांना बोलाविताना विसार दिला जातो. विसार घेतल्याने आचाऱ्याचा स्नेह आटला असे कोणी म्हणत नाही. मग वधूचा शृंगार करणाऱ्या बाईने विसार मागितला तर संकोच कशाचा? दरपत्रक भिंतीवर लावावे. वधूच्या शृंगाराच्या रकमेत कोणकोणती कामे येतात आणि बरोबरच्या प्रत्येक बाईमागे किती आकार पडेल, हे कागदावर लिहून द्यावे. ठरलेली वेळ आयत्या वेळी रद्द झाली तर विसार परत मिळणार नाही, हेही त्यातच लिहावे. उधारी अजिबात नको, हे म्हणणे कठीण वाटत असेल तर निदान अट असावी की मागील बाकी फिटल्याखेरीज पुढील काम नाही. नात्यातील लग्नाचा प्रश्न नाजूक आहे, हे आम्ही जाणतो. त्यावर एक तोड अशी : आहेर काय करावयाचा हे आपण ठरवावे आणि ते आधी सांगावे. “वधूला मी माझ्याकडून सजवीन, तो माझा आहेर, इतरांसाठी माझी मदतनीस येईल, तिची मजुरी तुम्ही द्यावी.” प्रेमाने दिलेली भेट आणि धरून घेतलेली वेठ यांतील फरक अशा एका वाक्याने राखता येतो.

तिसरी गोष्ट शरीराची, आणि ती या पत्रात सर्वांत निकडीची आहे. भुवया कोरताना बोटांची व मनगटाची तीच ती हालचाल दिवसातून शेकडो वेळा होते. तिने मनगटातील मज्जातंतूवर दाब येऊन बोटांना मुंग्या येतात, ती बधिर होतात आणि पकड सैल पडते. वेळीच उपचार व विश्रांती मिळाली तर हा विकार पुष्कळदा आटोक्यात येतो. दुर्लक्ष केल्यास बोटांची शक्ती कायमची उणावू शकते. या भगिनींनी आधी डॉक्टरांकडे जावे आणि मग हा लेख पुढे वाचावा, असे म्हणावेसे वाटते. दिवसभरातील कामे अशी लावावीत की भुवयांची कामे एकापाठोपाठ न येता मध्ये दुसऱ्या प्रकारचे काम येईल. गिऱ्हाइकाची खुर्ची उंच-सखल करता येईल अशी असावी, म्हणजे मान व पाठ वाकवावी लागत नाही.

रसायनांच्या बाबतीतही अट हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केशकर्तन व केशभूषेच्या व्यवसायातील संपर्क ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवला आहे. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून तापविल्यावर फॉर्माल्डिहाइड हा वायू सुटतो. तो तर निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत आहे. यात घाबरून जाण्याचे कारण नाही. खिडकी उघडी ठेवणे, पंख्याने हवा बाहेर जाईल अशी सोय करणे, हातमोजे घालणे आणि ज्या बाटलीवर घटक छापलेले नाहीत ती न वापरणे, एवढे मात्र कटाक्षाने पाळावे. काळ्या केशरंगातील एका द्रव्याने काहींच्या त्वचेवर मोठे फोड येतात; यासाठी अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहण्याची सूचना वेष्टनावरच दिलेली असते. गिऱ्हाईक “घाई आहे, तसेच लावा” म्हणाले तरी आपण नकार द्यावा. पुरळ उठलेल्या किंवा जखम असलेल्या त्वचेवर वॅक्सिंग करू नये. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनसारखे औषध चालू असेल तर त्वचा नाजूक झालेली असते. तिच्यावरही करू नये. आणि त्वचेवरचा डाग कशाचा आहे, हा प्रश्न विचारला गेला तर त्याचे उत्तर त्वचारोगतज्ज्ञाकडे आहे, आपल्याकडे नाही, असे मोकळेपणाने सांगावे. अशा नकाराने विश्वास कमी होत नाही. ज्या बाईने एकदा आपल्याला धोक्यापासून अडविले, तिच्याकडे माणूस पुन्हा निःशंकपणे जातो.

चौथी गोष्ट मनाची. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या कामावर एक ग्रंथ लिहिला. सामान उचलणे, जेवण वाढणे हे तर श्रम आहेतच; पण मनात काहीही चालू असले तरी चेहरा हसरा ठेवणे, दुसऱ्याचा राग पोटात घालणे हेही श्रमच होत, असे त्यांनी दाखवून दिले आणि त्याला ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. पार्लरमधील काम हे अशा श्रमांचे ठळक उदाहरण आहे. डोळे मिटून खुर्चीवर रेललेल्या बाईच्या चेहऱ्यावर मायेचा हात फिरतो, तेव्हा कित्येक दिवस मनात दाबलेले शब्द ओठांवर येतात. नवऱ्याची मारहाण, सासरचा जाच, मुलाचे व्यसन, सारे त्या खुर्चीत बोलले जाते.

हे ऐकू नये, असे आम्ही म्हणणार नाही. इलिनॉय या अमेरिकन राज्याने तर २०१७ पासून सौंदर्यसेवेचा परवाना असणाऱ्यांना घरगुती हिंसाचाराची चिन्हे ओळखण्याचे एक तासाचे शिक्षण आवश्यक केले. कारण पीडित स्त्री पोलिसांकडे जाण्यापूर्वी केस कापणारीपाशी बोलते, हे तेथील लोकांच्या ध्यानात आले. परंतु त्या शिक्षणातही सौंदर्यसेविकेने समुपदेशक व्हावे, अशी अपेक्षा नाही. ऐकावे, विश्वास द्यावा आणि योग्य दार दाखवावे, एवढेच तिचे काम. आपल्याकडेही ती दारे आहेत. संकटातील स्त्रियांसाठी १८१ हा दूरध्वनी क्रमांक आहे, तातडीच्या प्रसंगी ११२ आहे, आणि मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चालू आहे. हे तीन क्रमांक आरशाच्या कडेला चिकटवून ठेवावेत. “ताई, तुमचे ऐकून मला वाईट वाटते. मला यातले पुरेसे कळत नाही, पण ज्यांना कळते त्यांचा हा नंबर घ्या,” असे म्हटल्याने माणुसकी कमी होत नाही. आणि एकीचे गुपित दुसरीच्या कानी पडणार नाही, ही अट तर स्वतःवरच घालून घ्यावी. गल्लीतील पार्लरची अब्रू त्यावर उभी असते.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची. घरी जाऊन काम करण्याची पद्धत अलीकडे वाढली आहे. नव्या घरी जाताना पत्ता आणि परतण्याची वेळ घरी सांगून जावे, पहिल्या भेटीस शक्यतो दोघींनी जावे आणि तेथील वातावरण खटकले तर काम अर्धवट टाकून परत यावे. त्या दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा फक्त मोठ्या कचेऱ्यांसाठी आहे, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. दहांपेक्षा कमी माणसे काम करीत असतील तेथील तक्रारींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असावी असे तो कायदा सांगतो, आणि खासगी घर हेही त्याच्या व्याख्येत कामाचे ठिकाण ठरते. मदतनीस मुलीला गिऱ्हाइकाच्या घरी धाडताना मालकिणीने सुदेष्णेची आठवण ठेवावी. मुलगी “तेथे मला पाठवू नका” म्हणाली, तर तिला कारण विचारण्यापूर्वी तिचे म्हणणे मान्य करावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नाही कसे म्हणावे? आमच्या मते तीन गोष्टी सांभाळल्या तर नकार कडू होत नाही. तो आधी सांगावा, सर्वांना सारखा सांगावा आणि त्याच्याबरोबर दुसरा मार्ग द्यावा. रात्री दहा वाजता दारात उभ्या असलेल्या बाईला प्रथमच नियम सांगितला तर तिला तो अपमान वाटतो. तोच नियम महिनाभर पाटीवर, दूरध्वनीवरील संदेशात आणि बोलण्यात आलेला असेल तर वाटत नाही. एकीसाठी दार उघडले आणि दुसरीसाठी नाही, तर दुसरीला राग येणारच. आणि “आज जमणार नाही” एवढ्यावर न थांबता “उद्या अकरा वाजता तुमच्यासाठी वेळ राखून ठेवते” असे म्हटले तर येणारीला आपण नको आहोत असे वाटत नाही. हे वाक्य कानडीत म्हणा की मराठीत, त्यातील आर्जव सारखेच राहील. पहिले काही आठवडे जड जातील. दोन-चार गिऱ्हाइके कदाचित जातीलही. परंतु दिवसा ठरल्या वेळी येणाऱ्या आणि रोख पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला थकलेल्या हातांची नव्हे, ताज्या हातांची सेवा मिळू लागेल, आणि पार्लर चालते ते त्यांच्यावर.

एकटीचा नकार दुबळा असतो, हेही खरे. मुंबईत १८९० सालीच, आणि लोखंडे यांच्याच पुढाकाराने, नाभिक बंधूंनी संप केला होता. तो मजुरीसाठी नव्हता. विधवांचे केशवपन करण्याचे काम आम्ही यापुढे करणार नाही, असा तो निर्धार होता. वस्तरा आमच्या हातात आहे, तेव्हा त्याने काय करावे आणि काय करू नये हे आम्हीही ठरवू, हा त्यामागील विचार होता. एका नाभिकाने नकार दिला असता तर गावाने दुसऱ्याला बोलाविले असते. सर्वांनी मिळून नकार दिला, म्हणून तो इतिहासात राहिला. शृंगाराच्या व्यवसायातील माणसाने कामाला अट घालण्याची परंपरा आपल्याकडे परदेशातून आलेली नाही, एवढे या दोन उदाहरणांवरून, सैरंध्रीच्या आणि नाभिकांच्या, दिसून येईल.

वाचकहो, आतापर्यंत आम्ही त्या भगिनींना उद्देशून बोललो. आता थोडे आपणा सर्वांविषयी. हे सदर वाचणाऱ्यांत पार्लर चालविणाऱ्या थोड्या आणि पार्लरमध्ये जाणाऱ्या किंवा घरातील स्त्रियांना तेथे पोचविणारे पुष्कळ. सैरंध्रीची अट राणीने मोडली, तशा या बायकांच्या अटी आपणच मोडत असतो. दोनच मिनिटांचे काम म्हणून रात्री दार वाजविणारे आपण असतो. सोनाराकडे एक रुपया न सोडणारे आपण भुवया कोरणाऱ्या बाईशी दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. ठरल्या वेळेनंतर तासाभराने जातो आणि तरीही आपले काम आधी व्हावे असे म्हणतो. लग्नघरात नवरीला सजविणाऱ्या बाईने पहाटेपासून चहा तरी घेतला की नाही, हे विचारावयाचे राहून जाते. पुढच्या कार्याच्या यादीत आचारी, भटजी, वाजंत्री यांच्या विसाराबरोबर तिचाही विसार लिहावा, तिच्या नाश्त्याची सोय पाहावी आणि शृंगार झाला की तिचे पैसे त्याच वेळी तिच्या हाती द्यावेत. एवढे तर प्रत्येक कुटुंबाला जमण्यासारखे आहे.

आणि जिच्या घरात पार्लर आहे त्या कुटुंबासाठी एक विनंती. रात्री घंटी वाजली की दार नेहमी तिनेच का उघडावे? पतीने किंवा सासूबाईंनी दारात जाऊन “आज बंद झाले आहे, उद्या या,” असे नम्रपणे सांगितले तर तिच्या नकाराला घराचा आधार मिळतो. मुलीलाही एक गोष्ट न शिकविता कळते, की कष्ट करणाऱ्या बाईच्या जेवणाची वेळ ही पाळावयाची गोष्ट आहे.

म्हैसूरच्या भगिनींनी पत्राच्या शेवटी लिहिले आहे की त्या मुलीच्या भुवईवरची खूण आता मावळली, पण ती मुलगी पुन्हा आली नाही. आमचे त्यांना सांगणे असे : त्या मुलीला घरी बोलावून घ्या, सकाळच्या वेळी, हात ताजे असताना. आणि ती येण्यापूर्वी दारावरची पाटी नवी रंगवून घ्या. खाली एक ओळ वाढवा : “मंगळवारी बंद. सायंकाळी सातनंतर काम होणार नाही.” ही ओळ कानडीत लिहा, आणि जागा उरली तर मराठीतही. पुढच्या पत्रात आपले अक्षर सरळ आलेले पाहण्याची आम्ही वाट पाहत आहोत.